वासंतीबाईंच्या वजनाचा गूळ

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत वजन कमी करायचा विडा उचललेल्या बायका मजल्यागणिक दोन तरी सापडतील. सोमवारी सुरू करायचं आणि गुरुवारी कुणाच्या तरी बारशाला जाऊन बासुंदीवर आडवा हात मारायचा, असा तिथला रिवाज. वासंतीबाई आगाशेंनी मात्र वजन पंच्याऐंशीवरून साठावर आणलं आणि चोरून एक शेंगदाणासुद्धा तोंडात टाकला नाही. लोकांना हे पटत नसे. खुद्द वासंतीबाईंना त्यात काही विशेष वाटत नसे. खरं तर त्यांना कशातच काही विशेष वाटत नसे.

सुरुवात पित्ताशयापासून झाली. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. खडे काढायला म्हणून दवाखान्यात गेल्या आणि जंतुसंसर्ग होऊन आयसीयूत पोचल्या. नवरा रंगनाथराव म्हणजे देवाला सहसा त्रास न देणारा माणूस. पण आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी घराजवळच्या देवीला नवस बोलून टाकला, की ही घरी आली तर हिच्या वजनाइतका गूळ वाहीन.

घरी आल्यावर वासंतीबाईंना हे कळलं. "अहो, माझ्या वजनाचा? एखादा नारळ बोलायचा ना."

"घाबरलो होतो," रंगनाथराव म्हणाले. "घाबरलेला माणूस ठोकच बोलतो, किरकोळ नाही."

त्यानंतर जो कोणी तब्येतीची चौकशी करायला येई, त्याला ते आपला बेत ऐकवत. "ही पारड्यात बसणार, मी मागे उभा राहणार. देवीचं लक्ष नसताना पारडं हळूच वर उचलून धरायचं. दोन-तीन ढेपा सहज वाचतील." पाहुणे हसत. वासंतीबाई चहाचे कप उचलता उचलता दर वेळी म्हणत, "अहो, पुरे आता."

बोलायचे ते असं, पण मार्केट यार्डात जाऊन गूळ सांगून आले तो पूर्ण पंच्याऐंशी किलोंचा. मुलगा केयूर शहराबाहेर मांजरी गावात राहायचा. तो फोनवर म्हणाला, "बाबा, थोडं थांबा ना. आईचं डाएट सुरू होतंय."

"बोललो तेव्हा होतं ते वजन," रंगनाथराव म्हणाले. "देवीशी घासाघीस करायची नाही."

डाएट सांगितलं होतं डॉक्टरांनी आणि ते राबवणार होती तनया नावाची सव्वीस वर्षांची आहारतज्ज्ञ. तिने एक तक्ता दिला. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, तळलेलं बंद. जेवण्याआधी ताटाचा फोटो तिला पाठवायचा. पहिले दोन महिने वासंतीबाईंनी हाल काढले. दुधीच्या सूपकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा त्यांनी रंगनाथरावांच्या ताटातली शंकरपाळी पळवली, तेव्हा ते म्हणाले, "खा, खा. मी तनयाला फोटो पाठवतो."

नवस दिवाळीनंतर फेडायचा ठरला होता. भाद्रपदातल्या एका सकाळी रंगनाथराव फिरायला जायला म्हणून बूट घालायला बसले. एक बूट घातला, दुसरा घालायचा राहिला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

वासंतीबाई रडल्या नाहीत. लोक वाट बघत होते, केयूर वाट बघत होता, त्या स्वतःही वाट बघत होत्या. रडू आलं नाही. छातीत काहीतरी मोठं दुखेल असं वाटलं होतं, तेही दुखलं नाही. पाय फार वेळ दुमडून बसल्यावर जसा बधिर होतो, तशा त्या आतून सगळ्याच बधिर झाल्या होत्या.

भूकही गेली. पण तक्ता होता. तक्त्यात अकरा वाजता काकडी लिहिली होती, म्हणून त्या अकरा वाजता काकडी खात. दिवसभरात काय करायचं हे सांगणारं घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. तेराव्याला मंडळी जेवून गेल्यावर त्यांनी आपल्या ताटाचा फोटो तनयाला पाठवला. मुगाचं धिरडं, कोशिंबीर, ताक. तनयाला काहीच माहीत नव्हतं. तिने उत्तरादाखल शाबासकीचा अंगठा पाठवला आणि लिहिलं, 'सणासुदीतसुद्धा! ग्रेट काकू!' पुढे तिला कळलं, तेव्हा ती फोनवर हमसून हमसून रडली. वासंतीबाईंनीच तिची समजूत काढली.

वजन उतरत गेलं आणि वासंतीबाईंचं नाव होत गेलं. कोपऱ्यावरचे हमीदभाई शिंपी त्यांचे ब्लाउज तिसऱ्यांदा आत घेताना म्हणाले, "भाभी, आता शिवणीला शिवण लागली. याच्यापुढे कपडा नाही, नवीनच शिवा." खालच्या मजल्यावरच्या शेफालीने तर महिला दिनाला त्यांचं भाषणच ठेवलं. विषय होता 'जिभेवर ताबा'. वासंतीबाई माइकपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काही खावंसं वाटत नाही. म्हणून मी खात नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. किती साधेपणाने सांगितलं, असं शेफाली आभार मानताना म्हणाली.

या सगळ्यात एकच गोष्ट त्यांच्या मनाला चिकटून राहिली होती. नवस. रंगनाथरावांची बाकी सगळी कामं उरकली होती. बँक, पेन्शन, गॅसचं नाव, सगळं झालं होतं. हा एक शब्द तेवढा त्यांच्या नावावर शिल्लक होता, आणि तो त्यांनी दिला तसाच्या तसा पुरा व्हावा, एवढंच वासंतीबाईंना हवं होतं. एक भीतीही होती. त्या दिवशीसुद्धा आपल्याला काहीच वाटलं नाही तर?

वर्षश्राद्ध झालं आणि दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी सगळे देवळात जमले. केयूरने टेम्पोतून गूळ आणला होता. रंगनाथरावांनी सांगून ठेवलेला, पूर्ण पंच्याऐंशी किलो. मंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगलेला होता. तनया आली होती. शेफाली चार जणींना घेऊन आली होती, फोटो काढायला.

वासंतीबाई पारड्यात मांडी घालून बसल्या. पारडं जमिनीला टेकलेलं होतं. समोरच्या पारड्यात केयूर एकेक ढेप ठेवू लागला. ठेवता ठेवता त्यांचं पारडं हललं, जमिनीपासून सुटलं आणि समोरच्या पारड्याच्या बरोबरीला येऊन स्थिर झालं.

"झालं," गुरव म्हणाला. "बरोबर बसलं, मावशी."

टेम्पोत अजून गूळ उरला होता. शेफाली म्हणाली, "बघा, डाएटने गूळसुद्धा वाचवला!" सगळे हसले. केयूरने हात झटकले. "आई, उरलेला परत करू ना?"

"नाही. सगळा ठेव."

"अगं, पण तुझं वजन झालंय."

"माझं झालं असेल. त्यांनी बोललेलं व्हायचंय."

गुरव म्हणाला, "मावशी, पारडं वर जाईल. साखळी धरा घट्ट."

"जाऊ दे."

केयूरने पुढची ढेप ठेवली. समोरचं पारडं खाली बसलं आणि वासंतीबाई वर उचलल्या गेल्या. अलगद, जराही धक्का न बसता. आणखी एक ढेप ठेवली, त्या आणखी वर गेल्या. कुणीतरी पाठीमागून दोन्ही हातांनी उचलून धरावं, तसं.

वासंतीबाई हसल्या. साखळी धरूनच त्यांनी मान मागे वळवली आणि सवयीने म्हणाल्या, "अहो, पुरे आता. सोडा."

मागे मंडपाचा खांब होता. खांबाला टेकून चपला ठेवल्या होत्या.

शेफालीने फोन खाली घेतला. केयूर हातातली ढेप तशीच धरून उभा राहिला. मग वासंतीबाईंच्या छातीत काहीतरी हललं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते आलं आणि फार जोरात आलं. देवळात, सगळ्यांदेखत, तराजूत लोंबकळत त्या मोठ्याने रडल्या. खूप दुखत होतं. दुखतंय हे कळत होतं.

रडणं ओसरल्यावर त्या केयूरला म्हणाल्या, "थांबलास का? उरलेला ठेव."

सगळा गूळ ठेवून झाला. केयूरने आणि गुरवाने दोन्ही बाजूंनी धरून पारडं खाली आणलं. गुरवाने एका ढेपेचा कोपरा फोडून प्रसाद म्हणून खडा त्यांच्या हातावर ठेवला. वासंतीबाईंनी तनयाकडे पाहिलं. तनयाने घाईघाईने दुसरीकडे तोंड फिरवलं.

त्यांनी खडा तोंडात टाकला. तो संपेपर्यंत तिथेच पारड्यात बसून राहिल्या.

"केयूर," त्या म्हणाल्या, "मला भूक लागली रे." आणि दुसऱ्या खड्यासाठी त्यांनी हात पुढे केला.