ऊन कुठं जातं ते दाखवणाऱ्या आमच्या बाई

आदरणीय सुलोचनाबाईंना ह्या महिन्यात साठ वर्षं पुरी झाली. त्यांच्या गौरवाच्या पुस्तकात मोठमोठ्या सरांचे, डॉक्टरांचे लेख येणार हायत. माझी शाळा नववीतच सुटली, तरी समितीच्या सरांनी मला सांगितलं, तू बी लिही. चार माणसांत मला बोलता येत न्हाई. पण बाईंबद्दल सांगायचं म्हणलं की इतकं सुचायलंय की हात पुरंना.

माझी आन् बाईंची वळख बांधावर झाली. मी ताडकळसच्या शिवारात शेळ्या चारत होते. बांधावर एक बाई पालथ्या पडलेल्या दिसल्या. मला वाटलं साप डसला. पाण्याची बाटली घेऊन मी पळत गेले, तर त्यांनी मान न वळवता हातानं खुणावलं, खाली बस. त्यांच्या नाकापुढं एक नाकतोडा गवताचं पातं कुरतडायलता आन् जरा पलीकडं एक सरडा दम धरून बसलता. आमी दोघी तशाच गपगार. एकदम सरड्यानं झेप टाकली आन् नाकतोडा गायब. बाई उठून बसल्या, पदराची माती झटकली आन् जशी काय आमची जुनीच वळख हाय तसं म्हणाल्या, "बघितलंस? गवतानं ऊन खाल्लं, नाकतोड्यानं गवत खाल्लं. आता तेच ऊन सरड्याच्या पोटात गेलं."

ऊन खाता येतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. घरी जाताना मी प्रत्येक झाडाकडं बघत गेले, की हे बी आत्ता जेवायलंय.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. रिटायर झाल्यावर बी शनवारी सकाळी त्या लेकरायला घेऊन शिवारात फिरतेत. शाळा सुटलेल्या लेकरायला बी. तिथं हजेरी न्हाई, परीक्षा न्हाई. मला बोलायला येत न्हाई हे त्यांनी पहिल्याच दिवशी वळखलं. मला कधी उभं करून प्रश्न इचारला न्हाई. त्या म्हणायच्या, उत्तर सांगू नको, आणून दाखव. मंग मी किडलेलं पान आणायचे, घुबडानं ओकून टाकलेली केसांची गोळी आणायचे. त्या गोळीत उंदराचं इवलं हाडूक निघालं तवा समद्या लेकरायनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या नावाच्या होत्या.

एकदा त्यांनी माझ्या शेळीवरून धडा घेतला. म्हणाल्या, ही दिवसभर एवढा पाला खाती, मंग हत्तीवानी का होत न्हाई? मी हळूच म्हणलं, लेंड्या टाकती. "आजून?" हिंडती, बोंबलती, अंग गरम ठिवती. बाई लय खूश झाल्या. मंग त्यांनी समजावलं, की खाल्ल्यातलं बरंचसं जगण्यातच उडून जातं. दहा वाटे खाल्ले तर अंगात जेमतेम एक वाटा राहतो, आन् शेळीला खाणाऱ्याला तेवढाच मिळतो. म्हणून गवत उदंड, शेळ्या कमी आन् लांडगा तर दिसला तर दिसला. एका पोरानं इचारलं, मंग लांडग्याला कोण खातं? बाई म्हणाल्या, मेल्यावर समदेच खातेत, त्याचं परत खत होतं. पण उडून गेलेली ऊब काय परत येत न्हाई, म्हणून रोज नवं ऊन लागतं. एखादी गोष्ट ठावं नसली तर त्या सरळ सांगतेत, मला न्हाई माहीत, चल बघू.

आता मला जे खरं सांगायचंय ते. मागच्या हिवाळ्यात आमच्या हरभऱ्यात घाटेअळी पडली. बाबा फवारा आणायला निघालते. मी कधी न्हाई ते मधी बोलले. बाईंनी सांगितलेलं सांगितलं, की वावरात काड्या रोवायच्या, वर आडवी काडी बांधायची, पाखरं त्याच्यावर बसून अळ्या टिपतेत. इख मारलं तर अळी बी मरती आन् पाखरू बी पळतं. पण अळीला पुन्हा वाढायला येळ लागत न्हाई, पाखराला लागतो. बाबांनी हातातली पिशवी खाली ठिवली. म्हणले, "बरं, रोव. पण अळी हटली न्हाई, तर शनवारचं बाईकडं जाणं बंद."

मी आन् मायनं काड्या रोवल्या. शेजारच्या वावरातले माणिककाका बांधावर येऊन म्हणले, "कामून वो वहिनी, पाखरायचं लगीन हाय का? मांडव घातलाय जणू." माय हसली. मला हसू येईना, कारण एक बी पाखरू यायना. आज न्हाई, उद्या न्हाई. घाट्याला, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगायला, भोकं पडायलीत, बाबा रोज वावरात जाऊन घाटे बघून परत यायलेत. माझा शनवार गेल्यातच जमा होता.

मंग मी बाईंना बोलवायला गेले. त्यांचे गुडघे दुखत होते तरी त्या माझ्यासंगं चालत आल्या. वावरात पाय ठिवला आन् त्या बांधावर बसून हसायलाच लागल्या. आमच्या काड्यांच्या बरोबर मधी आमचं बुजगावणं उभं होतं. पेरणीला पारवे दाणे टिपतेत म्हणून बाबांनी ते रोवलं होतं, जुना सदरा घालून, डोक्याला गाडगं लावून. रोजच दिसतं म्हणून कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. बाई म्हणाल्या, "एकीकडं पाहुण्यायला जेवायला बोलावलंय, आन् दारात काठी घेऊन माणूस उभा केलाय."

मला वाटलं आता त्याच बाबांना सांगतील. बाईंचं कुणीबी ऐकतं. पण त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांना तू सांग. मी हाय इथंच." आन् खरंच माझ्या मागं नुसत्या उभ्या राहिल्या.  बाबा समोर. मी म्हणलं, "बाबा, बुजगावणं काढा. त्याच्यामुळं पाखरं येईनात."

बाबांनी एकदा त्या सदऱ्याकडं बघितलं, एकदा बाईंकडं, मंग माझ्याकडं. तसेच गेले आन् ते उपटून खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोतवाल पक्षी आला. काळा, दुभंगल्या शेपटीचा. काडीवर बसला, खाली झेपावला, परत काडीवर, चोचीत हिरवी अळी वळवळायलेली! मंग साळुंक्या आल्या, खाली बगळे आले. कुठल्या काडीवर बघू आन् कुठल्या न्हाई असं मला झालं. ऊन पानात, पानातून अळीत, अळीतून पाखरात, समदं माझ्या डोळ्यासमोर पळायलं होतं. थोडे घाटे गेलेच, समदं वाचलं असं मी म्हणणार न्हाई. पण पुढच्या दिवसांत बाबा झाडं उलटीपालटी करून बघायचे आन् अळी हुडकावी लागायची.

एका सकाळी माणिककाका बांधावरून मोठ्यानं हाक मारत आले. बाबांनी हात वर केला आन् म्हणले, "हळू बोल माणिक. पाखरं जेवायलीत."

मंग माझ्याकडं न बघताच म्हणले, "शनवारी जाशील तवा बाईंना इचार, ह्या काड्या तुरीत बी चालतेत का."

बाईंनी किती लेकरं शिकवली, किती मोठी झाली, ते बाकीचे लिहितीलच. मला त्यांनी माझ्याच बापापुढं बोलायला लावलं, आन् मी पडले असते तर धरायला मागं उभ्या होत्या, एवढंच मी लिहिते.

बाई, तुमचे गुडघे बरे होवोत, बारीकातली बारीक अळी तुमच्या डोळ्याला आजून लय वर्षं दिसो, आन् बांधावर पालथं पडायची तुमची हौस कधी न फिटो. औंदा तुरीला फुलं लागलीत. काड्या कुठं रोवायच्या ते दाखवायला तुमी येताय म्हणून बाबांनी पाऊलवाट साफ करून ठिवलीय.

तुमची,
ज्योती