कासवाला उशीर का झाला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडते तेव्हाही आडून आडूनच बोलते, जणू त्याला काही ठाऊकच नाही. तुमच्याजवळ का बोलतेय? तुम्ही माझ्या घरी कधी आला नाहीत, माझ्या लेकीला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि खरं सांगू का — गोष्ट एवढीशी आहे. एका पुस्तकाची. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच म्हणत आले.

आम्ही तेव्हा खापरखेड्याला राहायचो, पॉवर प्लांटच्या कॉलनीत, दुसऱ्या माळ्यावरच्या क्वार्टरमध्ये. शरूचे बाबा प्लांटवर टेक्निशियन, शिफ्ट ड्युटी. मी बी.एड. करून घरी बसलेली. आणि शरू — आमची एकुलती एक — चार वर्षांची होण्याआधीच वाचायला लागली होती. किराण्याच्या पुड्याचा कागददेखील ती सोडायची नाही. पहिलीत घातलं, तर वर्षभराची पुस्तकं तिने पहिल्याच आठवड्यात वाचून टाकली. मग बाईंनी तिला रंगखडू देऊन शेवटच्या बाकावर बसवलं. पोर घरी येऊन नुसती रडायची. शेवटी मीच म्हटलं, काढू या शाळेतून, मी शिकवते घरी.

कॉलनीत गहजब झाला. सासरी, मौद्याकडच्या गावात, सासऱ्यांनी विचारलं, “काहून वं सूनबाई, पोरीनं शाळेत काही केलं का?” मी हसून सांगितलं, केलं म्हणजे काय, जास्तच केलं! तेव्हा मला फार मजा वाटली होती त्या उत्तराची. माझ्या स्वभावातली ही खोट इथेच तुम्हाला कळली असेल.

इंटरनेटवरून मी एक परदेशी अभ्यासक्रम घेतला होता. त्यात पाठ्यपुस्तकं नाहीत, गोष्टींची पुस्तकंच. सकाळी एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, मग मुलाने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि त्या गोष्टीतूनच नकाशा, इतिहास, विज्ञान सगळं काढायचं. गोष्टीत नदी आली की कन्हानवर जायचं, पक्षी आला की पक्षी शोधायचा. त्यांच्या गोष्टींत सगळा बर्फ आणि कोल्हे. मी ती काढून आपली मराठी पुस्तकं बसवली, बर्फाच्या जागी आपला मे महिना आणला. खूप राबले मी त्यावर, हे मात्र खरं. पुस्तकं वयाप्रमाणे लावलेली होती त्यात, आणि शरू सहाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलांची पुस्तकं वाचत होती. म्हणून मी सगळं वर सरकवलं. सरकवतच गेले.

त्या अभ्यासक्रमात पालकांसाठी एक सूचना होती. मूल वाचायला कितीही पुढे असलं तरी वयाने ते तेवढंच असतं, तेव्हा चित्रांची सोपी पुस्तकं हाताशी राहू द्या, असं काहीसं. मी ती वाचली होती. वाचून सोडून दिली. आमच्या शरूला कशाला लागतंय ते, असं वाटलं.

आता त्या पुस्तकाकडे येते. येते — पण बघा, अजूनही जीभ अडते.

कासवाचं पुस्तक होतं ते. चित्रांचं, पातळ, एकेका पानावर दोन-दोन ओळी. कासव आठवडी बाजाराला निघतं, चालतं चालतं, आणि पोचतं तेव्हा बाजार उठलेला असतो. झालं. एवढीच गोष्ट. शरूच्या बाबांनी ते ती दोन वर्षांची असताना आणलं होतं, आणि वाचून दाखवायचेही बाबाच. त्यांना वाचनाचा सोस नव्हता. पेपर वाचायचे, तोही निम्मा. पण हे पुस्तक हातात घेतलं की माणूस वेगळाच व्हायचा! शेवटच्या पानावर एक म्हातारा दुकान आवरत असतो, त्याच्या तोंडी ते वाक्य घालायचे — “काहून गा कासवा, एवढा उशीर काहून केला?” आणि मग कासव कारण सांगायचं. पुस्तकात कारण नव्हतं. ते यांचं स्वतःचं, आणि रोज नवीन. “काय सांगू भाऊ, फाटक बंद होतं, कोळशाची गाडी जाऊन राहिली होती.” “संत्र्याचा ट्रक पलटला ना गा, वेचू लागलो मीबी.” एकदा माझ्याकडे बघत, “बायकोनं चहाच उशिरा देल्ला.” शरू हसून हसून गादीवर लोळायची. मोठमोठी पुस्तकं वाचणारी माझी मुलगी, तिला उद्याचं कारण काय असेल याची दिवसभर उत्सुकता असायची. उन्हाळ्यात आम्ही कूलरसमोर जमिनीवरच गाद्या घालायचो, आणि ती ते पुस्तक गादीखाली ठेवून झोपायची.

मला काय खुपत होतं त्यात? आता विचारते स्वतःला. तेव्हा नाव देता येत नव्हतं. दिवसभर मी घसा कोरडा करून वाचायचे, आणि पोर वाट बघायची ती बाबांच्या कासवाची — हे खुपत होतं का? होतं. पण ते मी तेव्हा कुणाला मान्य केलं नसतं.

घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक गट होता नागपुरात. रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचो. मुलं खेळायची आणि आम्ही आया चहा पीत, हळूच, अगदी सहज बोलल्यासारखं, एकमेकींची मुलं जोखायचो. त्या सगळ्यांत शरू पुढे. मी तिथे जाताना चांगली साडी नेसायचे, यावरून काय ते समजा. एका रविवारी धरमपेठेत एकीच्या घरी शरूच्या पिशवीतून ते पुस्तक बाहेर पडलं. एकीने उचललं, पानं चाळली आणि म्हणाली, “अय्या, शरू अजून हे वाचते?” बस. एवढंच म्हणाली. वाईटही नव्हती बिचारी. पण सगळ्या हसल्या, आणि मीही हसले, आणि माझे कान तापले ते घरी येईपर्यंत निवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शरू खाली खेळायला गेली असताना रद्दीवाला आला. मी पेपर दिले. आणि गादी उचलून ते पुस्तक काढलं, तेही दिलं. विचार न करता नव्हे — पूर्ण विचार करून. खिडकीतून पाहिलं तर त्याने ते ढिगाच्या सगळ्यात वर ठेवलं होतं, कासवाचं चित्र वर करून. एक हाक मारली असती तर तो थांबला असता. मी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी शरूने गादी उलटी केली, कपाटं उपसली. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, “वाळवी लागली होती गं त्याला. टाकून द्यावं लागलं.” कुठून सुचलं कोण जाणे. इतकं सहज आलं तोंडातून.

बाबा ड्युटीवरून आले तेव्हा ती हुंदके देत होती. त्यांनी ऐकून घेतलं. मला म्हणाले, “दुसऱ्या माळ्यावर वाळवी? सिमेंटच्या क्वार्टरात?” आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी नजर चुकवली. दुसऱ्या दिवशी येताना वाळवीची पावडर घेऊन आले आणि घरभर कोपऱ्याकोपऱ्यात टाकली. शरू बॅटरी घेऊन त्यांच्या मागे मागे. माझी थाप त्यांनी खरी करून दिली. माझ्यासाठी नाही. आई आपल्याशी खोटं बोलते हे लेकीला कळू नये, म्हणून.

तिथेही मी थांबले नाही. शरूला वाळवीबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं, आणि आमची पद्धत अशी की घरात जे घडेल त्याचा धडा करायचा. मी धडा केला! वाळवीवरची पुस्तकं आणली, राणीचं चित्र काढायला लावलं, मौद्याच्या वाटेवर शेताच्या बांधाला वारूळ होतं ते दाखवून आणलं. आणि शेवटी नेहमीसारखं, तिने ते सगळं आपल्या शब्दांत सांगायचं. समोर बसून सांगितलं तिने, हात मागे बांधून, किती सुरेख! मातीच्या नळ्या, अंधार, ओल. आणि शेवटी म्हणाली, “वाळवी जमिनीवरच्या वस्तूला आधी लागते. मी पुस्तक जमिनीवर गादीखाली ठेवलं होतं. म्हणून लागली. चूक माझी होती.”

मी काय म्हटलं असेल? “शाब्बास” म्हटलं. धडा नीट सांगितला की मी शाब्बास म्हणत असे. त्या दिवशीही म्हटलं.

त्यानंतर शरूने पुस्तकं कधी खाली ठेवली नाहीत. उन्हात काढायची, झटकायची, कडुनिंबाचा पाला ठेवायची. येणारे-जाणारे म्हणायचे, पुस्तकांना किती जपते हो तुमची मुलगी, संस्कार आहेत. मी मान डोलवायचे. आणि तिच्या बाबांनी तिला वाचून दाखवणं बंद केलं. शरूच कधी तिची जाडजूड पुस्तकं त्यांना वाचून दाखवायची. ते शिफ्टने दमलेले, ऐकता ऐकता पेंगायचे, जाग आली की म्हणायचे, “वा, लय मोठं पुस्तक आहे वं.” मीच एकदा चिडून म्हटलं, तुम्ही का नाही काही वाचत तिच्यासाठी? ते कूलरच्या पंपाचा नटबोल्ट आवळत होते. मान वर न करता म्हणाले, “थे एकच पुस्तक होतं वं, ज्याच्यात मी तिच्यापुढे होतो.” नंतर पाना मागितला. मी दिला.

मागच्या वर्षी ते गेले. हृदयविकाराने, ड्युटीवरून घरी येऊन बसले होते, तिथेच. शरू पुण्याला कॉलेजात आहे, ती आली. तेरावं झालं, माणसं पांगली, आम्ही दोघीच उरलो. ती त्यांच्या खुर्चीशी खाली बसली होती. कासवाची कारणं आठवत होती. फाटक आठवलं, संत्र्याचा ट्रक आठवला, माझा चहा आठवला — हसलीदेखील. मग अडली. पुढचं येईना. बराच वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “पुस्तक असतं ना, तर चित्रं बघून आठवली असती मला. बाबांचा आवाज आठवतो गं, पण कारणं गेली.” आणि मग एकदम तोंड झाकून रडायला लागली. “माझ्यामुळे गेलं ते, आई. मी खाली ठेवलं म्हणून. बाबांचं तेवढंच होतं माझ्याजवळ.”

त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं. मला थांबवणारं, मध्ये पडणारं, कुणीच नाही. वाक्य तोंडात तयार होतं. मी टाकलं ते पुस्तक, शरू. चार शब्दांचं काम.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केसांतून हात फिरवला. आणि म्हणाले, “जाऊ दे गं. लहान होतीस तू. असं मनाला लावून घ्यायचं नाही.” ती हळूहळू शांत झाली. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “तू कधी रागावली नाहीस पण मला त्यावरून.”

नाही रागावले. माझ्या हातून झालेल्या गोष्टीसाठी मी माझ्या मुलीला माफ केलं, आणि तिने माझे आभार मानले.