बाह्यकोनाचा पाठ

बी.एड.ला नाव घातलं तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्या मुलीला नुकतंच चौथं लागलं होतं. त्याआधी सहा वर्षं मी एका खाजगी हायस्कुलात गणित शिकवत होते. पण ट्रेनिंग नव्हतं, त्यामुळे दर उन्हाळ्यात मला कमी करायचे आणि शाळा उघडली, गरज पडली, की परत बोलवायचे. शेवटी हेडमास्तरांनीच एकदा सांगितलं, "बाई, डिग्री आणा. नाहीतर हे असंच चालायचं." म्हणून गेले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून विचारलं, शिक्षक का व्हावंसं वाटलं. सगळ्यांनी छान छान सांगितलं. मीही काहीतरी सांगितलंच असेल.

आम्ही नागपुरातल्या महाल भागात दोन खोल्यांत राहत होतो. पती सरकारी कचेरीत कारकून, घरात सासूबाई. पहाटे चारला उठून पोळ्या-भाजी करायची, मग जमिनीवर कार्डशीट पसरून पाठाचे तक्ते रंगवायचे, सातला सायकल काढायची. प्रत्येक पाठाचं टाचण वेगळ्या वहीत लिहावं लागे: उद्दिष्टं, प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, उपयोजन. हेतुकथन म्हणजे आज काय शिकणार ते मुलांना एका वाक्यात सांगणं. सहा वर्षं मी ते न सांगताच शिकवत होते आणि मुली पास होत होत्या. इथे मात्र ते वाक्य राहिलं की वहीत लाल रेघ यायची. दुपारी मानसशास्त्राच्या तासाला मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले. ट्रेनिंगमध्ये मिळालेलं माझं पहिलं कौशल्य ते.

सरावाचे पाठ कॉलेजजवळच्या एका मुलींच्या शाळेत असत. माझ्या वाट्याला नववीचा वर्ग आला होता. ज्या पाठाची ही गोष्ट आहे, त्याच्या आधीचे तीन दिवस मुलीला गोवर निघाला होता. ती रात्रभर कण्हायची, मी रात्रभर कडुलिंबाच्या डहाळीनं तिला वारा घालायची. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तू जा वं. मी आहे न." मी गेले. पाठ शेवटच्या तासाला होता आणि मागे निरीक्षक सर वही उघडून बसले होते.

विषय होता त्रिकोणाचा बाह्यकोन. मी फळ्याकडे वळून आकृती काढत होते आणि काढता काढता बोलत होते, सहा वर्षं बोलत आले तशीच. मग वळले आणि शेवटच्या बाकावरच्या एका उंच मुलीकडे बोट करून म्हटलं, "तू सांग." प्रश्न मी आधीच, फळ्यावर रेघ ओढताना विचारला होता: हा बाहेरचा कोन कोणत्या दोन कोनांच्या बेरजेइतका?

ती उभी राहिली. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "एकशे ऐंशी अंश."

वर्ग हसला. मला त्या हसण्याची भीती वाटली, मागे सर बसले होते म्हणून. मी म्हटलं, "लक्ष कुठे आहे तुझं? झोपून राहिली होतीस का? राहा आता उभी तास संपेपर्यंत." ती उभी राहिली. वीस मिनिटं तरी असेल. मान खाली नव्हती तिची, ती पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तो उद्धटपणा वाटला.

पाठ संपल्यावर सरांनी वहीत लिहिलं: फळ्याचा उपयोग उत्तम, वर्गनियंत्रण चांगले. ती वही माझ्याकडे पुढे बरीच वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तेव्हा तिची वही हाती आली. फळ्यावर मी जे जे लिहिलं होतं ते मोत्यासारख्या अक्षरात, एकही चूक नाही. तोंडी सांगितलेलं मात्र शेजारणीच्या वहीतून उतरवलेलं, शेजारणीच्या चुकांसकट. शेजारणीनं "समद्विभुज" चुकून "समभुज" लिहिलं होतं, तर हिनंही तेच. मी वही घेऊन तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिला हाक मारली. पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. आजूबाजूच्या चार मुली वळल्या. ती वळली नाही.

मी पुढे येऊन तिच्या समोर बसले. तशी ती लगेच उठायला लागली.

"बस," मी म्हटलं. "तुला ऐकू कमी येतं का?"

तिनं उलट हळूच विचारलं, "बाई, काल तुमी मले काय विचारलं होतं?"

मी तिला सांगितलं. तिनं लगेच, एका दमात, बरोबर उत्तर दिलं. सिद्धतेसकट.

मी वर्गशिक्षिकेकडे गेले. त्या पेपर तपासत होत्या. म्हणाल्या, "ती तशीच आहे. मनात आलं तर बोलते, नाहीतर मख्ख. खेड्यातून आलेली आहे, मावशीकडे राहते. तुमचे पाठ किती राहिले?" बारा राहिले होते. मी तिला पहिल्या बाकावर आणलं आणि बाराही पाठ तोंड वर्गाकडे ठेवून दिले. आकृती आधी काढायची, मग वळून बोलायचं. साधी गोष्ट, पण सवय इतकी मुरलेली की रोज पाच-सहादा माझी पाठ फिरायचीच. ती मात्र त्या बारा दिवसांत चार वेळा हात वर करून उठली. शेवटच्या दिवशी मला जिन्यात गाठून विचारलं, "उद्या येता न, बाई?"

मी "हो" म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. थकले होते, खोटं बोलणं सोपं गेलं. दुसऱ्या दिवसापासून आमचे पाठ दुसऱ्या शाळेत होते.

बी.एड. झालं. दुसरा वर्ग मिळाला. त्याच उन्हाळ्यात कळलं, की मूकबधिर मुलांच्या शिक्षकांसाठी एक वर्षाचा कोर्स आहे आणि तो केलेल्यांना कायम जागा मिळते. त्या मुलीमुळे तिकडे वळले असं लोक नंतर माझ्याबद्दल सांगायचे, आणि मीही कधी खोडून काढलं नाही. खरं म्हणजे निम्मं तिच्यामुळे आणि निम्मं त्या कायम जागेमुळे.

पतींनी जेवताना विचारलं, "अजून एक वर्ष? किती दिवस शिकून राहशील?" त्यात राग नव्हता. तेही थकले होते. मुलीला आंघोळ घालणं, दळण आणणं, सगळं वर्षभर त्यांनीच केलं होतं. सासूबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "तिले जाऊ दे." विषय तिथे संपला.

ते वर्ष बी.एड.पेक्षा जड गेलं. सकाळी लहान मुलांबरोबर आरशासमोर बसायचं. मुलाचा एक हात आपल्या गळ्यावर, दुसरा त्याच्या स्वतःच्या. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायचं, पट्टी हलली की 'प' झाला. 'क' शिकवायला मला तीन आठवडे लागले. माझाच आवाज बसला, रोज मिठाच्या गुळण्या. हातांनी खुणा करायला मुलांना बंदी होती, हात बाकाखाली ठेवायचे असा नियम. मधल्या सुट्टीत मात्र मैदानावर त्यांचे हात सुटायचे आणि पोरं इतक्या जोरात गप्पा मारायची, की बघतच राहावं. आम्हाला त्यातलं काही कळत नसे. आम्ही शिकायचंही नाही, असं सांगितलं होतं.

दिवाळीनंतर श्रवणचाचणी शिकवायला घेतली. कानावर यंत्र लावून वेगवेगळे आवाज ऐकवायचे आणि ऐकू आलं तिथे तक्त्यावर खूण करायची. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगदी न ऐकणारं मूल आईबापांच्या लक्षात येतं. अर्धवट ऐकणारं कोणाच्याच लक्षात येत नाही. ते साध्या शाळेत शेवटच्या बाकावर बसतं आणि त्याला ढ म्हणतात." सगळ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मी लिहिलं नाही.

त्या शनिवारी मी सरावाचे पाठ दिलेल्या त्या मुलींच्या शाळेत गेले. नववीत ती नापास झाली होती. वडिलांनी येऊन दाखला काढून नेला होता. दाखल्याच्या नोंदीत गाव होतं, मौद्याच्या पुढचं.

रविवारी एस.टी.नं मौद्याला उतरून दोन-अडीच मैल चालत गेले. ती अंगणात आईबरोबर मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. मला पाहून उठली, हात लुगड्याला पुसले. परकर-पोलक्यातली मुलगी वर्षभरात लुगड्यात आली होती. मिरचीच्या खकाण्यानं मला शिंका यायला लागल्या, तशी ती हसली आणि पाणी आणायला गेली.

मी तिच्या आईला विचारलं, "हिला ऐकू कमी येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

आई म्हणाली, "लहानपणी गोवर आला होता तिले, लय ताप होता. तवापासून जरा कमी येते. पण समोर बसून बोललं का सारं समजते. आमी घरात तसंच बोलतो, बाई. आमाले वाटलं, शाळेतही मास्तर समोरच उभा राहते."

गोवर म्हटल्यावर मला माझ्या मुलीच्या त्या तीन रात्री आठवल्या.

वडील शेतावरून आले. कमी बोलणारा माणूस. मी चाचणीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "आता काय फायदा? लग्नाच्या दोन जागा पाहून राहिलो आम्ही तिच्यासाठी."

"एक दिवस आणा फक्त," मी म्हटलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण ती बापाच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी जातो, बाबा."

पुढच्या आठवड्यात दोघं नागपूरला आली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान अर्ध्याहून जास्त गेलेले, लहानपणापासूनच. तक्त्यावरची रेघ उजवीकडे खाली खाली उतरत गेली होती. मी ती वडिलांना बाहेरच्या बाकावर बसून समजावून सांगितली: 'अ', 'ओ' असले आवाज थोडे येतात, 'स', 'त', 'क' हे येतच नाहीत, मागून बोललेलं तर काहीच नाही. त्यांनी कागद हातात घेतला.

"मी मारलं तिले, बाई," ते म्हणाले. "नापास झाली म्हणून. मी विचारत जाओ आणि ते बोलेच ना. मी मागून विचारत होतो."

मीही तिला वीस मिनिटं उभं ठेवलं होतं, ते सांगायला तोंड उघडलं. मग वाटलं, हे सांगून मला हलकं वाटेल, त्यांना काय? त्यांना चहाला चला म्हटलं. आम्ही तिघांनी दवाखान्यासमोर चहा घेतला आणि ती दोघं बसस्टँडकडे गेली.

चार दिवसांनी वडील एकटे परत आले. लग्नाचं पुढं ढकललंय, म्हणाले.

शाळेनं तिला परत घेतलं, पण सहज नाही. मला तीनदा जावं लागलं. मग प्रत्येक शिक्षिकेला वेगवेगळं भेटून सांगावं लागलं, की हिला पुढे बसवा आणि बोलताना हिच्याकडे तोंड ठेवा. कोणी वाईट नव्हतं. "हो हो" म्हणायच्या. एका वर्गात साठ मुली, दिवसाला सहा तास, पाचव्या तासाला कोणाच्या लक्षात राहणार? यंत्रही मिळालं तिला, पोलक्यात अडकवायची डबी आणि कानापर्यंत वायर. ते तिला आवडलं नाही. "पंख्याचाच आवाज येते," म्हणायची. वर्गात लावायची, बाहेर पडली की काढून दप्तरात.

दर रविवारी ती आमच्या घरी यायची. मी गणित आणि शास्त्र घ्यायची. मराठीचं शुद्धलेखन सासूबाई घालायच्या, कारण तोवर माझं डोकं दुखायला लागलेलं असे. पाट समोरासमोर मांडून, एकेक शब्द ओठ मोठे करून. पहिल्यांदा त्यांनी ते इतकं मोठं केलं, की ती म्हणाली, "आजी, साधं बोला. साधंच समजते."

मॅट्रिकला ती इंग्रजीत गेली. ऑक्टोबरात पुन्हा बसली आणि पस्तीस गुणांनी सुटली. निकाल घेऊन ती आली तेव्हा मला ताप होता. मी अंथरुणातूनच तिच्या पाठीवर हात ठेवला. फार आनंद झाला असंही म्हणता येत नाही. एक काम संपलं, असं वाटलं. त्याच वर्षी मला मूकबधिर शाळेत कायम केलं होतं आणि तिथे माझ्या वर्गात 'क' न येणारी अकरा मुलं होती.

तिचं लग्न पारशिवनीकडच्या एका घरात झालं. मी एकटीच गेले, घरून कोणाला निघता आलं नाही. मांडवात जेवणं चालू असताना नवऱ्या मुलाचा काका तिच्या मागे उभा राहून काहीतरी विचारत होता. ती पुढेच बघत होती. काकानं तिच्या वडिलांकडे पाहिलं.

"काहून गा, बहिरी हाये का पोरगी?"

आजूबाजूचे दोघंतिघं थांबले. मी द्रोण खाली ठेवला. वडील पंगतीत वाढत होते. त्यांनी भाताची परात शेजारच्याच्या हातात दिली, पुढे आले आणि सावकाश म्हणाले, "ऐकू कमी येते तिले. पहिलेच सांगतलं होतं तुमच्या घरी, लपवलं नाही. मॅट्रिक पास हाये. समोर या आन् बोला."

काका समोर आला. काय बोलला ते माझ्यापर्यंत आलं नाही. तिनं उत्तर दिलं आणि तो मान हलवत आपल्या जागेवर जाऊन बसला.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा नव्हती. नागपूर येईपर्यंत मी दांड्याला धरून उभी होते. सोमवारी माझ्या वर्गात नवीन मुलगा येणार होता, साडेतीन वर्षांचा, त्याच्या आईनं आधीच निरोप पाठवला होता, की तो कोणाला जवळ येऊ देत नाही.