उत्तमच्या मुठी आणि तेवीस घंटा

लांज्याचा उत्तम ओमानमधल्या सोहारच्या एका विद्यापीठात एसी दुरुस्तीला लागला आणि घंटा वाजवू लागला. आता हे कसं झालं, तर तिथल्या मनोऱ्यात तेवीस घंटा. त्यांच्या तारा खाली लाकडी दांड्यांना बांधलेल्या. दांडा मुठीनं हाणला की वरची घंटा बोलते. वाजवणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले, तेव्हा तारांना ग्रीस लावायला येणाऱ्या उत्तमलाच त्यानं तीन गाणी शिकवली. दोन हजार तीन साल असेल. तिसऱ्या प्रहरी खालच्या मशिदीतली असरची नमाज उरकली की उत्तम मुठी वळून बसायचा.

पण मनोऱ्यातला माणूस खालून दिसतोय कुणाला? त्यात तासाचे टोले यंत्राचे, म्हणून गाणीही यंत्राचीच असं सगळे धरून चालले होते. उत्तमला त्याचं काही नव्हतं. बायको येईपर्यंत.

सुगंधा महिन्याच्या व्हिसावर आली. पहिल्या दिवशी ऐकून म्हणाली, "मशीन झकास आहे."

"अगं, मी वाजवतो."

"तुम्ही? एकदासुद्धा चुकलं नाही ते."

गावच्या जाखडी नाचात उत्तमच्या हातून ढोलकी काढून घेतली होती. शेवटच्या कडव्याला हा असा उधळायचा, की नाचणाऱ्यांचे पाय पायांत अडकून दोघेतिघे ढोलकीवरच येऊन पडायचे. मग उत्तम रोज आणखी नीट वाजवी, आणि सुगंधाची खात्री रोज आणखी पक्की होई. तिला वर न्यावं, तर चावीवाला जहूर म्हणे, "बाहरवाला ऊपर? मेरी नोकरी खलास."

ती परत जायच्या आदल्या दिवशी राजापूरचा ड्रायव्हर यूनुस म्हणाला, "गावचंच काहीतरी वाजव की. मी उभा राहतो वहिनींजवळ."

उत्तमनं जाखडीचं गाणं धरलं. झरोक्यातून बघतो, तर सुगंधा कमरेवर हात ठेवून यूनुसला काहीतरी सांगतेय. ती म्हणत होती, "हेही भरलं असेल मशीनमध्ये."

शेवटचं कडवं आलं. उत्तमनं दात आवळले, मुठी आवरल्या, पण मुठी कुठल्या ऐकतात? तेवीसच्या तेवीस घंटा उतारावरच्या म्हशींसारख्या सुटल्या.

तो मान खाली घालून उतरला. सुगंधा पायरीवर बसून पदरानं डोळे पुसत होती, हसून हसून.

"चुकलो," उत्तम म्हणाला.

"अहो, म्हणून तर ओळखलं. मशीन कशाला एवढी घाई करील?"

तेवढ्यात ऑफिसचा माणूस धावत आला. म्हणाला, "उत्तम, घंटेचं मशीन बिघडलंय. यल्ला, चल लवकर, वर जाऊन बघ."

"मीच बघते," सुगंधा उत्तमची मूठ धरून म्हणाली. "हे मशीन मला माहितीय."