बसलेला बाद

माझा आवाज मोठा आणि राग लवकर येणारा. अंगणवाडीच्या बाईला दोन्हींचा उपयोगच होतो, असं मी तेव्हा समजत असे. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. कवठे येमाईच्या पुढं एका वस्तीवर माझी अंगणवाडी होती. एक खोली, अठरा पोरं, भिंतीवर प्राण्यांचा तक्ता. मागं कुंपण नव्हतं. दाराबाहेर एक पायरी, दहा पावलं मोकळी जागा, की लगेच ऊस. कालव्याचं पाणी आल्यापासून तो इतका माजला होता की आत शिरलेला माणूस दिसत नसे, नुसती पाचटाची खसफस ऐकू येई.

त्या वर्षी वस्तीवरची कुत्री कमी होत गेली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी दार उघडताना मला जाणवलं की कितीतरी दिवसांत कुणी भुंकलेलंच नाही. एक शेळी गेली तेव्हा कुणी तरस म्हणालं, कुणी चोर म्हणालं. बिबट्याचं नाव घ्यायची ती फक्त माझी मदतनीस. गावातल्या मुसलमान घरातली, माझ्याहून वयानं मोठी. तिला आम्ही सगळेच खाला म्हणायचो. "बाई, पोरं मागं सोडू नका," ती रोज बजावायची. पण अठरा पोरांना लघवीला न्यायचं कुठं? पुढं रस्ता, आणि त्यावरून रांजणगावच्या कंपन्यांच्या गाड्या भरधाव जायच्या. मी पोरांना मागंच नेत होते. एखाद्याला काही झालं तर जबाबदार मीच, हे मला कळत होतं, आणि त्या विचारानं माझी चिडचिड आणखी वाढायची.

त्याच दिवसांत पोरांनी एक नवा खेळ काढला. आणला तो एका मुलीनं. चार वर्षांची असेल. आई सकाळी उसाच्या कडेच्या मळ्यात झेंडू तोडायला जाई, तोवर ही बांधावर बसे आणि मग तिथूनच माझ्याकडं येई. खेळ असा: एकानं बिबट्या व्हायचं आणि भिंतीशी पोटावर पडून राहायचं, हनुवटी जमिनीला लावून. बाकीच्यांनी खोलीभर फिरायचं. उभं असलेल्याला बिबट्या हात लावत नाही. जो खाली बसेल तो बाद.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की खेळात मध्ये पडू नका. नियम पाळणं, थांबणं, अंगावर ताबा ठेवणं हे सगळं मूल खेळूनच शिकतं. मीही ते पोरांच्या आयांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. पण हा खेळ मला बघवेना. अठरा पोरं एका खोलीत आणि चकार शब्द नाही. कुणी हसत नाही, कुणी ढकलत नाही. ती मुलगी खाली पडलेली, डोळे एका पोरावर लावलेले, पापणी हलत नाही. आणि त्या पोराचे गुडघे जरा वाकले, की तिचे खांदे हळूच वर यायचे. मला ते किळसवाणं वाटलं. किळसवाणं म्हणजे काय, मी घाबरले होते.

घाबरलं की मी शिकवायला लागते. तक्त्यावर छडी आपटून मी विचारलं, "बिबट्या काय करतो? डरकाळी फोडतो. फोडा बघू." सगळ्यांनी आनंदानं घसे ताणले. ती गप्प.

"त्यो वरडत न्हाई," ती म्हणाली.

"कोण तो?"

तिनं नुसतं मागच्या दाराकडं पाहिलं. आगाऊपणा म्हणून मी तो विषय तिथंच मिटवला.

मग तिनं खाली बसायचंच सोडलं. गाण्याला सगळी पोरं गोल करून बसत, ही भिंतीला पाठ लावून उभी. खिचडी उभ्यानं खाई. खांदे दाबून बसवली तर मी वळताच पुन्हा उभी. चार दिवस मी हे सोसलं. पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला दंडाला धरून मी मागच्या उघड्या दारात नेली आणि उंबऱ्यावर बसवली. "मी सांगेपर्यंत उठायचं नाही," म्हणाले. ती बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड उसाकडं करून, मुकाट बसली. मी जिंकले असं मला वाटलं.

खाला पुढच्या बाजूला चुलीपाशी होती. मी दाराकडं पाठ करून गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला समोरचं एक पोर उठलं. मग त्याच्या शेजारचं. मग एकेक करत सतराच्या सतरा उभी राहिली. गाणं थांबलं. सगळी माझ्या पलीकडं बघत होती. "खाली बसा," मी ओरडले. कुणी बसेना. माझा आवाज चढत गेला आणि एकही पोर हललं नाही, रडलंसुद्धा नाही. मागं वळून पाहिलं तर मुलगी सांगितल्यासारखी उंबऱ्यावरच बसलेली, आणि पलीकडं ऊस. कडेचा थोडा पाला हलत होता. पोरांनी मिळून माझी खोड काढली, असं समजून मी त्या दिवशी कुणालाच खेळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाला आली नाही. तिच्या घरी पाहुणे होते. खिचडीचं पातेलं मलाच घासावं लागलं. मागं, उसाकडं पाठ करून मी राखेनं तळ खरवडत उकिडवी बसले होते. ती मुलगी दारात आली.

"बाई, उभं ऱ्हावा," ती अगदी हळू म्हणाली.

एरवी मी खेकसले असते. पण तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. मी उभी राहिले.

"बसला," ती म्हणाली.

मी मान वळवली. पाचट, पाचट आणि पाचट. मग त्या पिवळट रंगात, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक कान हलला. माशी उडवायला गुरं हलवतात तसा, सहज. पातेलं तिथंच टाकून मी मागं मागं सरकत पायरी चढले, दार लावलं आणि कडी घातली. कडी दोनदा सटकली, मग बसली. पुढं वनखात्याची माणसं आली, पिंजरा लागला, उभं राहा, वाकू नका, असं त्यांनीही सांगितलं. पण ते सगळं नंतरचं.

तेव्हा मी त्या मुलीला कडेवर घेतलं. तिला खाली बसवायची माझी छाती होईना.

"तुला कसं कळलं गं?"

"आमी खेळतो ना," ती म्हणाली. "आई फुलं तोडती तवा. मी बसली की त्यो उठतो. मी उठली की त्यो बसतो."

"जवळ येतो?"

"न्हाई. मी लगी उठती." मग जरा विचार करून म्हणाली, "काल आलता. तुमी उठू नको म्हनलात ना, मंग त्यो पायरीपातूर आला. मंग ही सगळी उठली, आन् त्यो गेला."

खोलीतली पोरं आपापल्या जागी उभी राहून आमच्याकडं बघत होती. काल त्यांना खाली बसा म्हणून ओरडून माझा घसा बसला होता.