आईला तेलुगू येत नव्हतं

आईला तेलुगू येत नाही, हे आमच्या घरात गृहीत होतं. लग्न होऊन ती मराठवाड्यातून हैदराबादला आली आणि पुढचं सगळं आयुष्य विद्यानगरात राहिली. तरी दारात भाजीवाली आली की ती माझ्या मुलीला हाक मारायची, "काय म्हणते बघ गं." संध्याकाळी तेलुगू मालिका लागली की नातीने शेजारी बसून ती मराठीत सांगायची, असा रिवाज होता.

"अत्तम्मा चिडलीय," नात म्हणायची.

"अत्तम्मा म्हणजे कोण?"

नात शब्द शोधायची. तो सापडेपर्यंत आई थांबायची. "सासू," असं एकदाचं आलं की मालिका पुढे सरकायची. शाळेत मराठी नव्हती. मुलीला जी आली ती अशी आली.

गेल्या उन्हाळ्यात आईचं पोट दुखू लागलं. हिमायतनगरच्या डॉक्टरांनी तपासण्यांचे कागद पाहिले आणि मला तेलुगूत विचारलं, आईंना आपलं बोलणं कळतं का? मी नाही म्हणालो. मग ते तिच्यासमोरच बोलले. कॅन्सर यकृतात पसरला होता. उपचारांचा उपयोग नव्हता, फार दिवसही नव्हते. आई आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती.

"पोटात सूज आहे," मी तिला सांगितलं. "गोळ्यांनी उतरेल."

तिने पदर सारखा केला. "पथ्य काय, विचार."

मी विचारलं. आवडेल ते खाऊ द्या, डॉक्टर म्हणाले.

घरात सगळ्यांनी सूजच धरून ठेवली. आईही आल्यागेल्याला सूज उतरतेय म्हणून सांगायची. पावसाळा संपता संपता ती गेली. तिला शेवटपर्यंत कळलं नाही, एवढं एक समाधान आम्हाला होतं.

सुतकातच खालच्या मजल्यावरची शेजारीण भेटायला आली. ती तेलुगू, मराठीचा एक शब्द न येणारी. दुपारी दोघी गच्चीवर मिरच्या वाळत घालायच्या. त्यांचं खाणाखुणांवर भागत असेल, असं आम्ही समजत होतो.

"अक्का म्हणाली होती," शेजारीण मला म्हणाली, "डॉक्टरांपेक्षा माझ्या मुलानं बरं सांगितलं."

कुठल्या भाषेत म्हणाली, मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.

"तेलुगूत. आमच्यात दुसरी कुठली होती?" मग तिने आवाज उतरवला. "वर घरात कुणाला सांगू नको म्हणायची. मला येतं हे कळलं, तर पोरगी माझ्याशी मराठी बोलायची नाही."

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे आजीला मालिका कळत होती?" तिने मला मराठीत विचारलं.

मी हो म्हणालो.

"आणि डॉक्टरांचं?"

पोरगी काय म्हणते, असं शेजारणीने मला तेलुगूत विचारलं.