गुळाने केलेलं वजन

आमच्या घरात बैलांची वजनं अंदाजाने आणि गुळाच्या ढेपांची तंतोतंत माहीत असत. माणसाचं वजन करण्याची वेळ लढाई संपल्यानंतरच्या पावसाळ्यात आली. बायकोला रोज संध्याकाळी ताप भरू लागला, म्हणून मी तिला सांगलीला डॉक्टरांकडे नेलं.

काट्यावर ती ब्याण्णव पौंड भरली. डॉक्टरांनी उंची मोजली आणि भिंतीवरचा तक्ता पाहिला. "हा परदेशातल्या माणसांचा तक्ता. आपल्या बायकांना त्याहून थोडं कमी चालतं. चांगली होती तेव्हा किती भरत होती, ते सांगा. तेच खरं माप. त्यातला दहावा हिस्सा गेला असेल, तर मी घरी ठेवू देणार नाही. पाचगणीला पाठवावं लागेल."

पाचगणीच्या क्षयाच्या इस्पितळात छातीच्या रोग्याजवळ मूल ठेवू देत नसत. आमचा मुलगा दीड वर्षाचा होता.

चांगल्या तब्येतीतलं वजन मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी, बाळंतपण सुखरूप झालं म्हणून आईने नवस फेडला होता. गुऱ्हाळावरचा तराजू मारुतीच्या देवळात टांगून सुनेची गुळाने तुला केली. दहा शेरांच्या पाच ढेपा आणि वर अर्धी. पंचावन्न शेर, म्हणजे एकशे तेरा पौंड. एकवीस पौंडांची घट.

"पाचगणी," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर आईला हिशेब सांगितला. ती चूल फुंकत होती.

"आरं, पाचावरच काटा सरळ झाला हुता. अर्धी ढेप मी वरनं टाकली. देवाला काय तोलून देत्यात व्हय?"

मग एकशे तीनच. तुलेत ती लुगडं नेसून, अंगावर सगळी चांदी घालून बसली होती. ते सगळं वाण्याच्या काट्यावर अडीच शेर भरलं. पाच पौंड वजा केले. अठ्ठ्याण्णव राहिले. घट सहा पौंडांची. दहाव्या हिश्श्याच्या आत.

"मग ऱ्हातोय आमी घरात?" बायकोने विचारलं.

"हिशेबानं तरी, हो."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सांगलीला गेलो. डॉक्टरांनी आकडे लक्ष देऊन ऐकले. मध्ये एकदाच मान हलवली.

"लुगडं आणि चांदी तुम्ही तिकडं वजा केलीत. काल माझ्या काट्यावर त्या काय घालून उभ्या होत्या?"

तेच लुगडं. तेच तोडे, त्याच पाटल्या. शहरात जायचं म्हणून आईनेच सगळं घालायला लावलं होतं.

ब्याण्णवातून पाच गेले. सत्त्याऐंशी. घट अकरा पौंडांची. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि मी ती घेतली. परतीच्या मोटारीत मी आकडेमोड पुन्हा केली. काही चुकलं नव्हतं.

दारात ती मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मी अकरा म्हणालो. तिने मुलाला आईकडे दिलं, उंबऱ्यावर बसली आणि तोडे काढू लागली. एक निघेना, तेव्हा आईने तेल आणलं.

"ऱ्हाऊ दे की पायात," आई म्हणाली.

"नगं, आत्याबाई. तिथं दर म्हैन्याला वजन करत्यात म्हणं. उगं हिशेबात घोळ नगं."

मुलगा काढलेल्या तोड्यात हात घालून खेळत होता.